नववी ब, रविवारी सकाळी अकरा

सात मिनिटं बोलायचं म्हणजे काय असतं ते स्टेजवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सहाव्या मिनिटाला पहिली घंटा होते, सातव्याला दुसरी. दुसरी झाली की वाक्य कितीही भारी असो, तिथंच तोडायचं. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायचे. या वर्षी सुकेशनी मॅडमनी मला बळंच उभं केलं, आणि जो आवाज निघाला तो माझा मलाच इतका आवडला की त्यानंतर मी थांबलेच नाही. परिपाठात मी, गॅदरिंगला मी, पाहुण्यांचे आभार मानायला मी. मैत्रिणी म्हणतात, श्रेयाला आता माइकसकट घरी पाठवा.

तर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. विषय होता 'व्यसनमुक्त समाज'. माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य असं होतं, "दारुडा ही समाजाला लागलेली कीड आहे, आणि ती मुळासकट उपटून फेकली पाहिजे." कीड उपटता येत नसते हे मला नंतर सुचलं, पण टाळ्या पडायच्या त्या पडल्या.

माझे पप्पा पितात हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

बक्षीस घेऊन मी मेडल गळ्यातच ठेवून हॉलमध्ये फिरत होते. पुंडलिकमामा खुर्च्या गोळा करत होते. पुंडलिकमामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. गेट उघडणं, सूचनेची वही फिरवणं, घंटा वाजवणं, सगळं तेच. स्पर्धेतल्या त्या दोन घंटासुद्धा त्यांच्याच.

"भाषण लई झकास झालं," ते म्हणाले.

"थँक्यू मामा."

"ते किडीचं वाक्य आलं ना, तिथं मी पण टाळ्या वाजवल्या." त्यांनी चार खुर्च्या एकात एक घातल्या. "नऊ वर्षांपूर्वी ती कीड मी व्हतो."

मला वाटलं ते गंमत करतायत. पण ते हसत नव्हते आणि चिडलेलेही नव्हते. वर्ग कोणता ते सांगावं तितक्या साधेपणानं त्यांनी ते सांगितलं होतं.

"तुझ्या भाषणात आकडे व्हते, सुविचार व्हते," ते म्हणाले, "पण पिणारा माणूस एक पण नव्हता. पालकसभेला तुझे पप्पा आलते, तेव्हा गेट मीच उघडलं. वेलची खाल्लेली व्हती त्यांनी. ज्यानं आयुष्यभर वेलची खाल्ली त्याला ती लांबून कळती."

मेडल एकदम जड झालं. मी ते काढून खिशात घातलं.

"मामा, कुणाला सांगू नका."

"मी नऊ वर्षं दुसरं काय करतो? सांगत नाय, तेच तर करतो." मग ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "रविवारी सकाळी अकराला ये, आईला घेऊन. शाळेतच. पिणं सोडलेले आणि सोडू बघणारे लोक बसतात. मुख्याध्यापकांची परवानगी हाय. रविवारची मीटिंग खुली असती, घरचे पण येऊन ऐकू शकतात."

"शाळेत कुठं?"

"नववी ब."

नववी ब म्हणजे माझा वर्ग.

पप्पांचं नाव रामप्रसाद. गुलमंडीवर कापडाच्या दुकानात आहेत. गिऱ्हाइकानं बोट दाखवायच्या आधी थान खाली काढणारे, कात्री न थांबवता सरळ रेघेत कापड फाडणारे असे ते होते. गेल्या वर्षापासून सकाळी हात थरथरायला लागले, तेव्हा कात्री त्यांच्याकडून गेली आणि घड्या घालायचं काम आलं. ते मारत नाहीत, ओरडतही नाहीत. संध्याकाळी पिऊन येतात आणि भिंतीकडं तोंड करून झोपतात. दिवाळीनंतर पोटात दुखलं म्हणून घाटीत नेलं होतं. घाटी म्हणजे आमच्या इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर वर्ष निघेल की नाही सांगता येत नाही." आईनं मला ते सांगितलं नाही, पण मी दाराशीच होते.

आई रविवारी एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जाते, त्यामुळं ती आली नाही. म्हणाली, "जाऊन बघ, पण लोकांपुढं आपलं धुणं धुऊ नको." म्हणून मी एकटीच गेले.

रविवारी शाळेचा आवाज वेगळा असतो. म्हणजे नसतोच. व्हरांड्यात माझ्या सँडलचा टकटक आवाज मलाच मोठा वाटत होता. वर्गाच्या दारात पुंडलिकमामांच्या पत्नी, चंपाबाई, स्टोव्हवर चहा ठेवत होत्या. त्यांनी पहिला कप मलाच दिला. नवीन माणसाला पहिला चहा, अशी तिथं पद्धत आहे. कोण, कुठली, कुणाची, काही विचारायच्या आधी चहा.

आत सोळा-सतरा माणसं होती. मोठी माणसं. कुणाच्या डोक्याला टोपी, कुणाच्या शर्टाला इस्त्री, एकाच्या खिशाला दोन पेनं. आणि ती सगळी आमच्या बाकांवर बसली होती. गुडघे बाकाच्या कडेला अडकलेले, पोटं दप्तराच्या फळीला टेकलेली. माझ्या बाकावर, खिडकीकडून दुसऱ्या, जिथं मी कर्कटकानं चांदणी कोरली आहे तिथं, एक पटकेवाले काका बसले होते आणि त्या चांदणीवरून अंगठा फिरवत होते.

फळ्यावर शनिवारचं गणित तसंच होतं. ते कुणी पुसलं नव्हतं. मामांची तशी सक्त ताकीद आहे म्हणे, पोरांच्या गणिताला हात लावायचा नाही. गणिताच्या शेजारी, खिळ्याला, त्यांनी ग्रुपचा कापडी फलक अडकवला होता.

मी चंपाबाईंजवळ शेवटच्या बाकावर बसले. नववीत पहिल्यांदाच शेवटच्या बाकावर.

मग एक-एक जण उठून पुढं जायला लागला. नाव सांगायचं, फक्त पहिलं नाव. आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही. "मी राजकुमार, मी दारुडा आहे," असं म्हटलं की सगळे एका सुरात म्हणायचे, "नमस्कार, राजकुमार." जो शब्द मी स्टेजवरून दगडासारखा फेकला होता तोच शब्द ही माणसं स्वतःहून छातीशी धरत होती, आणि बाकीची त्यावर नमस्कार म्हणत होती. माझ्या अंगावर काटा आला. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. खरंच, कोपरापर्यंत आला.

मला आणखी एका गोष्टीचं नवल वाटलं. कुणी मधे बोलत नव्हतं. कुणी 'असं करायला नको होतं' म्हणत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. एक माणूस दोन वाक्यं बोलला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. आमच्या स्पर्धेत चार सेकंद थांबलं की परीक्षक मान खाली घालून गुण कापतात. इथं मिनिटभर, दोन मिनिटं, पंख्याचा आवाज येत राहिला आणि कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. मग तो माणूस म्हणाला, "एवढंच," आणि बसला. सगळे म्हणाले, "धन्यवाद." आमच्या घंटा वाजवणाऱ्या पुंडलिकमामांच्या हातात तिथं घंटाच नव्हती.

शेवटी पटकेवाले काका उठले. "मी बन्सी. मी दारुडा."

"नमस्कार, बन्सी."

"चौदा महिने मी नुसता बसून ऐकतोय. आज बोलतो," ते म्हणाले, आणि पटका काढून हातात घेतला.

"मेंढरं घेऊन मी कायगावच्या अंगाला गेलतो. दुपारीच लावली आणि बाभळीखाली आडवा झालो. जाग आली तवा दिवस मावळला व्हता. मेंढरं नाय, कुत्रं नाय. म्हणलं, संपलं, लांडग्यानं नेली नायतर चोरानं. पळत सुटलो. पडत, उठत घरी आलो. बघतो तर मेंढरं सगळी वाघरीच्या जाळीत, आपापल्या जागी. कुत्र्यानं एकट्यानं आणली व्हती. आणि कुत्रं दारात बसलेलं, पुढ्यात दूध-भाकरीची ताटली. बायको त्याला म्हणत व्हती, 'जेवा. आज घरचे कर्ते तुमीच.'"

वर्ग हसला. मी दचकले, कारण हसण्यासारखं आहे हे मला माहीत होतं, पण इथं हसायची परवानगी आहे हे माहीत नव्हतं. पण बन्सीकाकांनी हसू ओसरायची वाट पाहिली, अगदी पट्टीच्या वक्त्यासारखी.

"मी दारात उभा. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि कुत्र्याला म्हणली, 'हवालदार, बघा हो कोण आलंय. आपल्या वळखीचं हाय का?'"

आता सगळे पोट धरून हसत होते. चंपाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"आणि हवालदार भुकला," बन्सीकाका म्हणाले. "माझ्यावर. पिल्लाचं कुत्रं केलं मी त्याला, माझ्या हातानं. त्याला वासात मी सापडलोच नाय."

हसणं एकदम थांबलं नाही. ते हळूहळू विझलं, चुलीसारखं.

"तुमाला वाटंल त्या दिवशी सोडली. नाय सोडली. त्याच्यानंतर चार वर्षं पिलो. हवालदार मेला तवा पण पिलेलोच व्हतो. आज चौदा महिने आन् सहा दिवस झालेत. उद्याचं मला ठाव नाय. आजचा दिवस नाय पिणार."

ते परत जाऊन खिडकीकडच्या माझ्या बाकावर बसले. माझ्या हाताला टाळ्या वाजवायची सवय लागली आहे, पण तेव्हा हात हललेच नाहीत. माझं मेडल मिळवणारं सगळं भाषण, अगदी किडीसकट, या पाच मिनिटांपुढं मला आरतीच्या वेळी वाजणाऱ्या मोबाइलसारखं वाटलं.

जाताना मामा म्हणाले, "इथं काय ऐकलं ते इथंच ठेवायचं. घेऊन जायचं ते फक्त आपल्यापुरतं."

मी म्हटलं, "व्हय मामा." आणि मी ते मनापासून म्हटलं होतं.

घरी पोचले तेव्हा पप्पा जेवत होते. रविवारची त्यांना सुट्टी असते आणि संध्याकाळपर्यंत ते प्यायलेले नसतात. भाकरी मोडताना हात थरथरत होता, म्हणून ते ताट मांडीशी धरून बसले होते. माझ्या आत सगळं नुसतं उसळत होतं. मला वाटलं, हे मी ऐकलंय ते पप्पांनी ऐकलं तर ते आजच सुधारतील. मी काही त्यांना 'दारू सोडा' म्हणणार नव्हते. त्याचा उपयोग नसतो, आईनं ते करून पाहिलंय. मी फक्त एक गोष्ट सांगणार होते.

"पप्पा, एक गंमत सांगू? एका माणसाची."

"कोण माणूस?"

"नाव नाही सांगायचं. पिणं सोडलेल्यांची मीटिंग असते, तिथला तसा नियम आहे."

आणि मी सांगितली. नाव गाळलं, गाव गाळलं, पटका गाळला. बाभळ, मेंढरं, ताटली, सगळं अभिनयासकट. बायकोचा आवाज काढला, डोळे बारीक करून. "हवालदार, बघा हो कोण आलंय, आपल्या वळखीचं हाय का?"

पप्पा हसले. घास हातात धरून, खांदे हलवत हसले. पप्पांचा असा आवाज मी किती दिवसांनी ऐकला ते आठवत बसले असते तर मला रडूच आलं असतं. ते डोळे पुसत म्हणाले, "कुठं भरती ही मीटिंग?"

"माझ्या शाळेत. रविवारी अकराला." मी ताटाजवळ सरकले. "याल?"

ते 'बघू' म्हणायला लागले होते. मी शपथेवर सांगते, त्यांचे ओठ 'ब'साठी मिटले होते. मग ते थांबले.

"काय नाव म्हणलीस कुत्र्याचं?"

"हवालदार."

त्यांनी घास ताटात ठेवला. "एका कानाचं व्हतं का ते?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"हवालदार नावाचं कुत्रं अख्ख्या गंगापूर तालुक्यात एकच व्हतं," पप्पा म्हणाले. "आन् कुत्र्याला अहो-जाहो करणारी बाई पण एकच. आमची सखूताई. हे बन्सीदाजी हायत."

सखूताई म्हणजे पप्पांची चुलत बहीण. एका लग्नात भांडण झालं तेव्हापासून आमचं जाणं-येणं बंद होतं. मी बन्सीकाकांना कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. आमच्या लोकांत माणसाचं नाव लपवता येतं, पण मेंढरं राखणारं कुत्रं दहा गावांत नावानं ओळखतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मी माणसाचं नाव इतकं जपून बाजूला ठेवलं आणि कुत्र्याचं सांगून बसले. कारण त्याच्याशिवाय हसू येत नव्हतं.

"दाजी कुणापुढं मान खाली घालणारा माणूस नाय," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "त्यानं तिथं जाऊन पोटातलं काढलं, आन् तीन तासांत ते माझ्या ताटात आलं. उद्या मी काय बोललो ते कुणाची पोर कुणाला जेवताना सांगंल? सगळा तालुका लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या दुकानात येतो, श्रेया. मी असल्या ठिकाणी पाय ठेवणार नाय."

ते उठले, हात धुतले आणि शर्ट घालून बाहेर पडले. तेव्हा दुपारचे तीनसुद्धा वाजले नव्हते. एवढ्या लवकर ते कधीच जात नसत.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. सुकेशनी मॅडम म्हणाल्या, "आंतरशालेय फेरीला हेच भाषण, फक्त शेवट आणखी जोरदार कर." मी म्हटलं, "मॅडम, मला किडीचं वाक्य काढायचंय." त्या म्हणाल्या, "अगं, टाळ्यांचं वाक्य आहे ते." मी काढलंच. त्या फेरीत माझा नंबर आला नाही, पण ते नंतरचं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी पुंडलिकमामांना गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, लहान आहेस, होतं असं. ते घंटेखाली उभे होते. त्यांनी घंटेची दोरी खिळ्याला गुंडाळली.

"नाव नव्हतं घेतलं मी, मामा."

"नाव नाय घेतलं. पण माणूस उचलून नेलास की."

"मग आता रविवारी मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं उभी राहून माफी मागू?"

"नको. तुला उभं राहून बोलायला आवडतं, म्हणून नको." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला राग यायलाही जागा उरली नाही. "ज्याचं हाय त्याला सांग. एकट्याला."

रविवारी मी साडेदहालाच गेले. बन्सीकाका नळावर मीटिंगचे कप विसळत होते. मी रात्री सगळं तयार केलं होतं. सुरुवात, मध्य, शेवट, आणि शेवटी ज्यानं डोळ्यांत पाणी येईल असं एक वाक्य. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"काका, मी रामप्रसाद यांची मुलगी. तुमची गोष्ट मी घरी पप्पांना सांगितली. तुमचं नाव सांगितलं नव्हतं."

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"कुत्र्याचं सांगितलंस?"

"हो."

"मग तालुक्याला सांगितलंस."

मी मान खाली घातली. त्यांच्या पायात जाड कातड्याच्या वहाणा होत्या, टाचेला शिवलेल्या. मी त्या वहाणांकडंच बघत राहिले.

"चौदा महिने लागले मला ते बोलायला," ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या पोराला नाय सांगितलं. मला लागलं, पोरी. लागलं ते लागलं, नाय कसं म्हणू."

"सॉरी" हा शब्द इतका लहान असतो हे मला माहीत नव्हतं. मी तो म्हटला, आणि तो नळाखाली उरलेल्या पाण्याबरोबर वाहून गेला.

नळ पुन्हा सोडून ते कप विसळायला लागले. एक, दोन, तीन. तिसरा कप पालथा घालताना त्यांनी विचारलं, "रामप्रसाद हसला का?"

"काय?"

"कुत्र्याला जेवा म्हणती, तिथं. हसला का तो?"

"हसले. लई हसले. मीटिंग कुठं भरते ते पण विचारलं. मग तुम्ही कोण ते ओळखलं आणि थांबले. आता म्हणतात, मी तिथं पाय ठेवणार नाही."

बन्सीकाकांनी हात पटक्याला पुसले. "हसला ना. ज्याला हसू आलं त्याला ते कळलंय. न पिणारा तिथं नुसता हळहळतो." मग ते म्हणाले, "घर कुठं तुमचं? छावणीतच का? मीटिंग झाली की येतो. एक काम करायचं. मी आलो की तू बाहेर जायचं. दाराशी नाय थांबायचं. पार बाहेर."

चारच्या सुमाराला ते आले. पप्पा शर्ट घालतच होते. दारात पटका दिसला तसे जागच्या जागी उभे राहिले, एक बाही घातलेली, एक लोंबत.

"दाजी."

"पाणी पाज की, मेव्हण्या. का दारातूनच वळवतो?"

आई तांब्या घेऊन आली. बन्सीकाका पाणी पिऊन खाली सतरंजीवरच बसले. म्हणाले, "माझी अर्धी गोष्ट तुझ्यापातुर पोचली म्हणं. अर्ध्या गोष्टीनं माणूस बदनाम होतो. उरलेली सांगायला आलोय. बस."

"मला दुकानाच्या कामानं—"

"दुकान आज बंद हाय, रामप्रसाद. मला पण असली कामं लई असायची."

पप्पांची बाही तशीच लोंबत होती. ते खाली बसले.

बन्सीकाकांनी माझ्याकडं बघितलं. आईनं दळणाचा डबा उचलला आणि मला म्हणाली, "चल, गिरणीत." मी गेले. गिरणीत गर्दी नव्हती, दळण पंधरा मिनिटांत झालं. तरी आम्ही दोघी डबा मधे ठेवून छावणीच्या बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मला सगळं ऐकायचं होतं. पायांना अक्षरशः मुंग्या आल्या होत्या, ऐकायच्या. मी म्हटलं, "आई, काय बोलत असतील?"

आई म्हणाली, "आपल्याला काय करायचंय?" आणि पिठाचा हात माझ्या गालाला लावला. ती असं कधी करत नाही.

दीड तासानं परत आलो तेव्हा पप्पा मोरीत तोंड धूत होते. त्यांचे डोळे लाल होते, पण नेहमीसारखे लाल नव्हते. बन्सीकाका वहाणा घालत होते. "उद्या सकाळी आठला घाटीत," ते पप्पांना म्हणाले. "आधी डॉक्टर. एकदम सोडली की अंग उसळतं, ते आपल्या मनानं करायचं नसतं. मी गेटपाशी उभा असतो." मग आईला म्हणाले, "सखू आठवण काढती तुझी. ये एकदा." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेले. टपली जरा जोरातच होती. मला ती बरोबर वाटली.

पप्पा सहा दिवस घाटीत होते. घरी आले तेव्हा ते गप्प-गप्प असायचे, घाम यायचा, आणि संध्याकाळी सहा वाजले की खिडकीशी जाऊन उभे राहायचे. बन्सीकाका रोज त्याच वेळेला यायचे. दोघं चालायला जायचे, लांब, कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालून. काय बोलायचे कोण जाणे. बहुतेक मेंढरांचं.

मग बुधवार आला. बुधवारी संध्याकाळी सहाला बंद मीटिंग असते. बंद म्हणजे ज्यांना स्वतःला सोडायची आहे फक्त त्यांची. घरच्यांना आत जागा नाही. मी वक्तृत्वाच्या सरावासाठी शाळेत थांबले होते. मैदानावरून पाहिलं, तर गेटमधून बन्सीकाका येत होते आणि त्यांच्या मागं एका पावलावर पप्पा. इस्त्रीचा निळा शर्ट. पुंडलिकमामांनी गेट उघडलं, तसंच, जसं पालकसभेला उघडलं होतं. या वेळी वेलचीची गरज नव्हती.

चंपाबाई त्या दिवशी नव्हत्या. दारात मामांनी स्वतः चहा ओतला आणि पहिला कप पप्पांना दिला. कप बशीत किणकिणत होता, पप्पांचा हात अजून थांबत नव्हता. कुणी तिकडं बघितलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि ते नववी बमध्ये गेले. माझ्या वर्गात. दार बंद झालं.

मी तोवर व्हरांड्यात आले होते, दहावी अच्या खांबापाशी. खिडकीची वरची झडप उघडी असते, पंख्याच्या हवेसाठी. आतून बाकं सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी काही बोललं. मग शांतता. ती त्यांची लांब शांतता, जिच्यात कुणी खोकत नाही. आणि मग एक आवाज, इतका हळू की मला शब्द कळले नाहीत. पण आवाज ओळखू आला.

आणि वीस माणसं एका सुरात म्हणाली, "नमस्कार, रामप्रसाद."

माझ्या वडिलांना एवढ्या माणसांनी एकदम नमस्कार केलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. दुकानात त्यांना 'अरे' म्हणतात. मी खांब धरला. तेव्हा कुणी माइक पुढं केला असता तर मी तो परत केला असता. मी, श्रेया.

पप्पा पुढं बोलायला लागले. आवाज जरा वर आला. आणखी चार पावलं पुढं गेले असते तर शब्द कळले असते. कळलेच असते, त्या झडपेखाली सगळं ऐकू येतं, आम्ही नेहमी तिथूनच दुसऱ्या वर्गाची तोंडी परीक्षा ऐकतो.

मी वळले आणि मैदानाकडं चालायला लागले. भराभर, जवळजवळ पळतच. नळापाशी येऊन थांबले आणि उगीच पाणी सोडलं, म्हणजे काही ऐकू येऊ नये.

तरीसुद्धा एक ऐकू आलंच. नळाच्या आवाजावरून, मैदान ओलांडून, अख्खा वर्ग खदखदून हसल्याचा आवाज. पप्पांनी काहीतरी सांगितलं होतं, आणि ते सगळे हसत होते, तसंच, बन्सीकाकांच्या वेळी हसले होते तसं. काय सांगितलं असेल? आमच्या घरी कुत्रं नाही. मग कोण असेल त्या गोष्टीत? आई? मी?

मला ते अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी बाकावर बसले, तेव्हा फळीवर चहाच्या कपाचं एक वाळलेलं वर्तुळ दिसलं, चांदणीच्या अगदी शेजारी. ते पप्पांच्या कपाचं होतं की दुसऱ्या कुणाच्या, कोण जाणे. शेजारची म्हणाली, "ई, पूस ना ते." मी म्हटलं, "राहू दे." मग वहीच त्याच्याजवळून थोडी सरकवून ठेवली आणि गणित उतरवून घ्यायला लागले.